'सतत गैरहजर' हा शेरा, रेल्वेचा फलाट आणि एचआयव्ही



दरवर्षी १ डिसेंबरला आपल्या शाळांमध्ये जागतिक एड्स दिन 'साजरा' होतो. (हा शब्द मला खटकतो, पण परिपत्रकात तोच असतो.) परिपाठात माहिती सांगायची, लाल रिबीन लावायची, रॅली काढायची, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. मीही नोकरीला लागल्यापासून हेच करत आलो. सहावी-सातवीची मुलं हातात फलक घेऊन ग्रामपंचायतीपासून निघतात, एसटी स्टँडपर्यंत जातात आणि मागे वळतात. स्टँडच्या मागच्या भिंतीला पोती अंथरून जी पोरं झोपतात, त्यांच्यापर्यंत आमची रॅली कधी गेली नाही. जावी असं माझ्याही मनात कधी आलं नव्हतं.

ते मनात आलं एका मुलामुळे. त्याचं नाव, गाव, जिल्हा काहीच लिहीत नाही. तो ओळखू येऊ नये, आणि तशी त्याची अटच आहे. लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिहा सर, पण माझ्यावरून कुणाला दुसरं पोर ओळखू आलं नाही पाहिजे."

हा मुलगा चौथीपासून माझ्याकडे होता. गणितात बरा, अक्षर वाईट, कबड्डीत पुढे. वडील ट्रकवर होते, ते वारले. आई दुसरीकडे गेली आणि हा काकांकडे राहिला. सहावीच्या दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. मी एकदा घरी गेलो. काकू म्हणाल्या, "मामाकडे गेलाय, तिकडंच शाळेत घालणार हाय." मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला विश्वास ठेवायचा होता, कारण त्या आठवड्यात ऑनलाइन माहिती भरायची होती आणि वर्गात अडतीस मुलं होती. मामाच्या गावच्या शाळेतून दाखल्याची मागणी आली नाही. पटावरून नाव कमी करता येत नाही, म्हणून हजेरीत 'स. गै.' लिहीत गेलो. सतत गैरहजर. वर्ष संपलं. नाव माझ्या पटावर होतं आणि मुलगा फलाटावर होता.

सात वर्षांनी एका जंक्शनवर प्रशिक्षणाला जाताना मागून हाक आली, "सर!" मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. एका चहाच्या स्टॉलवर कामाला होता. गाडी दोन तास उशिरा होती, म्हणून बोलणं झालं. तेव्हा त्याने सांगितलं की त्याला एचआयव्ही आहे आणि गोळ्या सुरू आहेत.

मी काय केलं असेल? पहिला प्रश्न विचारला, "अरे, कशामुळे झालं?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यानं काय फरक पडतो सर?"

त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते. पण आपण सगळे हाच प्रश्न विचारतो. कशामुळे म्हणजे कुठल्या चुकीमुळे. घर सुटलेल्या मुलांमध्ये एचआयव्हीचा धोका जास्त का, असं स्टाफरूममध्ये विचारा. उत्तर येईल, 'त्यांना वळण नसतं', 'संगत वाईट', 'व्यसनं'. माझं मत वेगळं आहे. मूल घराबाहेर पडलं की त्याचं 'नाही' म्हणण्याचं बळ जातं. धोका तिथून सुरू होतो, आणि तो अडवायची पहिली जागा दवाखाना नाही, शाळा आहे.

एचआयव्ही कसा पसरतो हे आपण मुलांना पाठच करून घेतो. असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, एकाच सुईचा वापर, बाधित आईकडून बाळाला. हात मिळवल्याने, एका डब्यात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, डास चावल्याने होत नाही. हे सगळं बरोबर आहे. पण दहा-अकरा वर्षांचा पोरगा रात्री मोठ्या स्टेशनवर उतरतो तेव्हा यातलं त्याच्या काय कामाचं? पोलीस कुठून हाकलत नाहीत, नळ कुठे आहे, कुठल्या डब्यात उरलेलं अन्न सापडतं हे त्याला माहीत नसतं. हे सांगणारा एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा भेटतो. वडापाव देतो, आपल्या शेजारी झोपायला घेतो, दुसऱ्या कुणी मारलं तर आडवा येतो. या सांभाळण्याची किंमत काही दिवसांनी मागितली जाते, आणि ती शरीराची असते. मागणारा कधी तो मोठा मुलगा असतो, कधी त्याने ओळख करून दिलेला एखादा 'काका'. नाही म्हटलं तर झोपायची जागा जाते. आपल्याकडे अजूनही असं समजतात की अत्याचार मुलींवरच होतात. मुलग्यांवरही होतात, आणि मुलगे ते सांगत नाहीत, कारण सांगायला त्यांच्याकडे शब्दच नसतात.

मुलींबद्दल मला कमी माहिती आहे, कारण फलाटावर त्या फार काळ दिसतच नाहीत. एकटी उतरलेली मुलगी हेरणारी माणसं स्टेशनवर असतात. 'चल, काम लावून देते' म्हणणारी एखादी मावशी भेटली की ती मुलगी आपल्या डोळ्यांसमोरून जाते. पुढे तिच्या बाबतीत 'सुरक्षित संबंध' हा शब्द वापरणं म्हणजे थट्टाच.

मग नशा येते. पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर. रुमालावर घेऊन ओढतात. आपल्याला वाटतं मजेसाठी करतात. तो म्हणाला, "त्यानं भूक मरते सर, थंडी वाजत नाही." पण त्या धुंदीत आपल्याबरोबर कोणी काय केलं हेही कळत नाही. थोडी मोठी झाल्यावर यातली काही मुलं सुईकडे वळतात, आणि सुई एक असते, हात चार. शिवाय जननेंद्रियावर जखम किंवा गुप्तरोग असेल तर एचआयव्हीची लागण व्हायला वाट सोपी होते. घरातलं मूल आईला सांगेल, निदान कण्हेल तरी. फलाटावरचं मूल जखम घेऊन महिनाभर फिरतं.

कंडोम सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. पण ज्याच्या हातात निर्णयच नाही त्याच्या हातात तो देऊन काय होणार? मोठ्या झालेल्या, स्वतःच्या मर्जीने नातं ठेवणाऱ्या तरुणांना तो मिळालाच पाहिजे, तोही लाज न आणता. बारा वर्षांच्या मुलाला मात्र आधी रात्री आतून कडी लागेल अशी खोली पाहिजे.

आता तपासणीचं ऐका. हा मुलगा सतरा वर्षांचा असताना त्याला सारखा ताप यायचा, वजन उतरलं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून एका सरकारी रुग्णालयात गेला. चाचणी फुकट असते, निकाल गुप्त ठेवतात, हे त्याने भिंतीवर वाचलं होतं. (चौथीतलं वाचन तेवढं कामाला आलं.) खिडकीवर वय विचारलं. मग सांगितलं, "आई-वडिलांना घेऊन ये." अठरा वर्षांखालच्या मुलाच्या चाचणीला पालकाची संमती लागते. नियमामागचा हेतू चांगलाच आहे, मुलाला न समजता कुणी टोचू नये. पण ज्याला पालक नाही त्याचं काय, हे खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि विचारून येण्याचीही तसदी त्याने घेतली नाही. मुलगा परत फलाटावर आला. पुढे एका संस्थेची ताई त्याला हाताला धरून घेऊन गेली, तोवर दहा महिने गेले होते. ते दहा महिने त्याच्या तब्येतीचे गेलेच, शिवाय त्या काळात त्याच्यापासून आणखी कुणाला लागण झाली असेल तर तीही टळू शकली असती.

औषधाचीही तीच गोष्ट. आपल्या देशात २००४ च्या एप्रिलपासून सरकारी एआरटी केंद्रांवर औषध मोफत आहे, आणि सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती न चुकता घेतली आणि रक्तातलं विषाणूंचं प्रमाण मोजताही न येण्याइतकं खाली ठेवलं तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. म्हणजे औषध हाच आता प्रतिबंधही आहे. हे वाक्य आपल्या रॅलीच्या फलकांवर मी अजून पाहिलेलं नाही, तिथे अजून कवटीच काढतात.

पण ती एक गोळी ठेवायची कुठे? हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. पिशवी उशाला घेतली तर झोपेत चोरीला जाते. चोरणाऱ्याला आत पैसे असतील असं वाटतं, निघतात गोळ्या, मग तो रुळात फेकून देतो. डबी कुणी पाहिली तर प्रश्न येतात, आणि कळलं तर सोबतची मुलं शेजारी झोपू देत नाहीत. गाडीत बसून दुसऱ्या गावाला गेलं की केंद्र बदलतं, कागद मागतात. या मुलाने आपल्या गोळ्या स्टॉलवाल्याकडे 'पित्ताच्या गोळ्या' म्हणून ठेवल्या आहेत. तो रोज रात्री आठवणीने देतो. तो भला माणूस आहे म्हणून हे चाललंय. उद्या स्टॉल बंद झाला तर?

नॅकोच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, सुमारे चार लाख. या कामात जोखमीचे गट ठरवलेले असतात : देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, स्थलांतरित मजूर, ट्रकचालक. या गटांसाठी काम झालं म्हणूनच गेल्या वीस वर्षांत लागण कमी झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण 'घर नसलेलं पंधरा वर्षांचं मूल' असा गट या यादीत नाही. ते मूल कुठल्या तरी गटात मोजलं जातं ते मोठं झाल्यावर, म्हणजे लागण होऊन गेल्यावर.

मग आपण शिक्षकांनी काय करायचं? मला माहीत आहे, हा प्रश्न आला की ग्रुपवर उत्तर ठरलेलं असतं : निवडणूक आम्ही, सर्वेक्षण आम्ही, खिचडी आम्ही, आता हेही आम्हीच? ही तक्रार खोटी नाही. मी स्वतः ती रोज करतो. तरी एक गोष्ट आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला करताच येत नाही. मूल गायब झाल्याचं सर्वांत आधी हजेरीला कळतं. पोलिसांना कळत नाही, आरोग्य खात्याला कळत नाही, कित्येकदा घरच्यांनाही सांगायचं नसतं. आपल्याकडे बालरक्षक ही योजना आहे. २०२२ च्या जुलैत मिशन झिरो ड्रॉपआऊट झालं, तेव्हा आपण सगळे वाड्यावस्त्यांवर फिरलो. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. कागद भरपूर आहेत. पण 'मामाकडे गेलाय' असं घरचे म्हणाले की त्या मामाच्या गावच्या शाळेला एक फोन करायचा, एवढं मी त्या वेळी केलं असतं तर पंधरा मिनिटांत खोटं उघडं पडलं असतं. मग १०९८ ला फोन, बालकल्याण समिती, आणि नातेवाइकांकडे राहणाऱ्या अशा मुलासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज. दर महिन्याला घरात काही रक्कम आली असती तर काकूंनाही तो जड झाला नसता. दुष्ट नव्हत्या त्या, घरात आधीच पाच खाणारी तोंडं होती.

पालकांसाठी एक सांगतो. फलाटावरची मुलं आभाळातून पडत नाहीत. ती मराठी घरांतूनच निघालेली असतात. कुणी मार खाऊन, कुणी नापास होऊन, कुणी वडिलांच्या दारूला कंटाळून, आणि कुणी घरातल्याच एखाद्या माणसाच्या हातांना घाबरून. शेवटच्या कारणाबद्दल मूल सांगत नाही, कारण आपण त्याला त्या अवयवांची नावं शिकवलेली नसतात.

मागच्या वर्षी मी पाचवीच्या वर्गात चांगला स्पर्श-वाईट स्पर्श घेतला. अवयवांची नावं साध्या मराठीत सांगितली. दुसऱ्या दिवशी तीन पालक शाळेत आले. एकाने मुलीच्या वहीचा फोटोच काढून आणला होता. "सर, हे वय आहे का?" माझं उत्तर असं होतं की अत्याचार करणारा वय विचारत नाही. ते वैतागले, मुख्याध्यापकांनी चहा पाजला, विषय तिथेच राहिला. मी त्यांना दोष देत नाही. २००७ मध्ये आपल्या राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदीच घातली होती. तेव्हा शाळेत असलेली पिढी आता पालक झाली आहे. आणि याच राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस मराठीत जे उघड लिहीत होता, ते आज पाचवीच्या वर्गात साध्या शब्दांत बोलताना मला दार लोटून घ्यावं लागतं. डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता, पण मुलाने असं काही सांगितलं तर पुढच्या तासाभरात काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही.

म्हणून ते इथे लिहितो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालाही. न कळवणं गुन्हा आहे. गावाची बदनामी, शाळेचं नाव वगैरे तिथे चालत नाही. दुसरं, वेळ. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधं घटनेनंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. 'सोमवारी बघू' म्हटलं की ती संधी गेली. तिसरं, लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही. सुरुवातीच्या काळात लागण चाचणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा नॅकोचा मोफत क्रमांक आहे. नाव विचारत नाहीत.

आणि असं एखादं मूल आपल्या शाळेत प्रवेशाला आलं तर? २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शिक्षणात भेदभाव करता येत नाही, आणि त्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही, स्टाफरूममध्येही नाही. या कायद्यातलं एक कलम फार कमी जणांना माहीत आहे. एचआयव्हीने बाधित कुटुंबात, घर चालवणारं बारा ते अठरा वयाचं समजूतदार भावंड आपल्या लहान भावंडाचं पालक म्हणून शाळाप्रवेशासाठी आणि उपचारासाठी सही करू शकतं. म्हणजे चौदा वर्षांची ताई भावाचं बोट धरून आली तर 'मोठ्या माणसाला घेऊन ये' म्हणून तिला परत पाठवायचं नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे तर शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

पंढरपूरची पालवी, लातूर जिल्ह्यात हासेगावचं सेवालय, बीडजवळची इन्फंट इंडिया या संस्थांनी एचआयव्हीसह जगणारी मुलं वाढवून दाखवली आहेत. एक जागा, वेळेवर जेवण, वेळेवर गोळी आणि शाळा मिळाली की ही मुलं वाढतात, शिकतात, कामाला लागतात. पण अशा किती संस्था पुरणार? सरकारकडून मला तीन गोष्टी हव्यात. मोठ्या स्टेशनांजवळ रात्री उघडी राहणारी तपासणीची आणि झोपायची सोय. पालक नसलेल्या मुलाच्या संमतीची सही कोण करणार, हे प्रत्येक चाचणी केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं. आणि अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी अनुरक्षण गृहात खरोखर जागा. नाही तर आपण फलाटावरून उचललेलं मूल सहा वर्षांनी परत फलाटावरच सोडतो.

मी स्वतः एवढंच बदललंय. वहीच्या मागच्या पानावर सलग पाच दिवस न आलेल्यांची नावं लिहितो, आणि 'गेला', 'गेली' असं उत्तर आलं की कुठे गेली त्या शाळेचा नंबर मागतो. बहुतेकदा ताप असतो, लग्न असतं, ऊसतोड असते. सध्या त्या पानावर सहावीतली एक मुलगी आहे, आज नववा दिवस. आजी म्हणते पुण्याला आत्याकडे आहे, पण आत्याचा फोन लागत नाही. उद्या शाळा सुटल्यावर केंद्रप्रमुखांना घेऊन परत जाणार आहे.